झोपलेला हरत नाही

१

लोळ्या झोपला की काम दोघांचं असायचं. दादा घोरायचा आणि चिमट्या त्याच्या पायाशी बसून राहायचा.

लोळ्या म्हणजे कार्टूनमधलं एक धूड. पोरं आपापली जनावरं घेऊन मैदानात उतरतात आणि त्यांच्या झुंजी लावतात, अशी ती मालिका होती. बाहेरून आलेली, त्यामुळे तिच्यातलं सगळं बोलणं इथे स्टुडिओत नव्याने भरावं लागे. नुसतं बोलणं नव्हे, जनावरांचे आवाजही. कारण मूळ आवाजात माणसं आणि जनावरं अशी कालवलेली होती की एक काढलं की दुसरंही जाई. लोळ्याला संवाद नव्हते. तो गुरगुरे, जांभया देई, डरकाळी फोडी आणि संधी मिळाली की झोपे. पाठीवर शेवाळ, जमिनीला टेकलेलं पोट, शर्टाच्या बटणाएवढे डोळे. दादा त्याला पहिल्यांदा पडद्यावर बघून म्हणाला होता, "हा तर आपल्याच घरातला निघाला."

"पोट मी पोसलं," आई म्हणायची, "आणि घोरण्याचा पगार हा घेतो. असली नोकरी कुणाला मिळालीय का?"

"संवाद काय, वाचता येणारा कुणीही म्हणेल," दादा पोटावर थाप मारून म्हणायचा. "जनावर व्हायला हे लागतं."

उभ्याने झोपेचा श्वास खरा येत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये सतरंजी पसरून उताणा पडायचा, माइकचा दांडा नाकाजवळ वाकवून घ्यायचा आणि डोळे मिटायचा. डोळे मिटले की पडदा दिसणार कसा? मग लोळ्याला उठायचं कधी हे त्याला सांगणार कोण? बोलायची सोय नाही, कारण तो माइक शर्टाची सळसळसुद्धा टिपायचा. त्यावर या भावांनी तोडगा काढला होता. धाकटा एरवी स्टुडिओत वायरी गुंडाळायचा आणि चहा आणायचा. या वेळी तो सतरंजीच्या पायथ्याशी बुटक्या स्टुलावर बसायचा, पडद्यावर नजर लावून. उठायचा क्षण आला की दादाच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरून ओढायचा. अंगठ्याला आवाज नसतो. दादा त्याच क्षणी एक मोठा फुत्कार टाकून, घसा खाकरत, डरकाळत उठायचा. कधी पापणी लवण्याइतकाही उशीर झाला नाही. दादाने भावाचं नाव चिमट्या ठेवलं ते यावरूनच. पुढे ते सगळ्या स्टुडिओने उचललं.

घरीही सकाळी तीच पद्धत. हाक मारून उठणाऱ्यातला दादा नव्हता.

एका सकाळी चिमट्याने अंगठा ओढला आणि दादा उठला नाही. त्याने पुन्हा ओढला. मग दवाखान्यात, पांढऱ्या चादरीखालून पाय उघडे दिसले, तेव्हाही ओढला. नर्सने मनगट धरलं तेव्हा कुठे त्याच्या चिमटीतून अंगठा सुटला.

२

तेरावं उरकल्यावर काही दिवसांनी बाईंनी बोलावून घेतलं. बाई म्हणजे डबिंगच्या दिग्दर्शिका. मालिकेतल्या पोरापासून म्हातारीपर्यंत प्रत्येकाचा आवाज त्याच ठरवत. एरवी काचेपलीकडून खडसावणाऱ्या बाई त्या दिवशी समोर खुर्ची ओढून बसल्या.

"जेवतोस का रे नीट?"

"जेवतो."

"आई?"

"झोपत नाही."

बाईंनी खुर्ची आणखी जवळ घेतली. मग म्हणाल्या, "लोळ्याची मोठी झुंज अर्धी राहिलीय. पहिल्या भागात तो झोपतो, तो भाग तुझ्या दादाने केलेला आहे. दुसऱ्या भागात उठतो. मला नवा माणूस आणावा लागणार. आणि आवाज मध्येच बदलला तर पोरं लगेच ओळखतात, म्हणून दोन्ही भाग नव्याने करून घ्यावे लागतील."

"म्हणजे दादाचं पुसणार?"

"पुसणार काय, बदलणार."

"एकच झालं की!" चिमट्या इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे पडली. ती त्याने उचललीही नाही. "कुणी हात लावायचा नाही त्याला. मी उठवतो लोळ्याला. माझा आवाज दादाचाच आहे. फोनवर आईसुद्धा फसायची."

"तू कधी माइकपुढे उभा तरी राहिलायस का?"

"उभं कशाला राहायचं? झोपायचंच आहे ना?"

बाईंना हसू आलं, आणि ते आल्याबद्दल लगेच वाईटही वाटलं. त्यांनी त्याला ती झुंज पडद्यावर लावून दाखवली.

मैदान होतं. वरच्या कोपऱ्यात लोळ्याचं नाव, नावाखाली त्याच्या ताकदीची पट्टी आणि शेजारी एक छोटा निळा चंद्र. मालिका बघणाऱ्या प्रत्येक पोराला त्या खुणा पाठ होत्या. विषबाधेला जांभळा थेंब, बधिरपणाला पिवळी वीज, झोपेला निळा चंद्र. पट्टी संपली की पंच झेंडा उचलतो आणि खेळ खलास. चंद्र असेपर्यंत मात्र झेंडा उचलता येत नाही. जनावर पडलंय, हलत नाही, मार खातंय, तरी ते खेळात आहे. झोपलेला हरत नाही. लोळ्याला झुंजीत उतरवणारं पोर हे वाक्य दर दोन भागांआड छाती फुगवून म्हणायचं. चिमट्याने ते दवाखान्यात डॉक्टरला ऐकवलं होतं आणि लोकांनी त्याला धरून बाहेर नेलं होतं.

"आता नीट ऐक," बाई म्हणाल्या. "इथे एक मेख आहे. लोळ्याची झोप पुरी झालेली नाही. पोराला धीर निघत नाही, ते घाईने त्याला उठवतं. लोळ्या उठतो, पण ओळख झोपेतच राहते. कुणालाच ओळखत नाही तो. आणि सगळ्यांत आधी त्याच्याजवळ धावत जातं कोण? त्याचंच पोर. त्यालाच उचलून आपटतो. तेव्हा ती डरकाळी आनंदाची नकोय मला. ती परक्याची हवी. कळलं?"

"कळलं," चिमट्या म्हणाला. त्याच्या कानात 'उठतो' एवढा एकच शब्द शिरला होता.

३

मशीनवर बुवा बसत. भजनाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ते मान डोलवत, म्हणून बुवा.

"तुझ्या दादाची झोप इथे ठेवलीय," त्यांनी पडद्यावरची एक निळी पट्टी दाखवली. "सात-आठ श्वास आहेत. तेच एकापुढे एक चिकटवायचे. लोळ्या पाच मिनिटं झोपो नाहीतर पाच वर्षं, आपल्याला हेच पुरतं. ऐकतोस?"

चिमट्याने हेडफोन चढवले.

श्वास आत. किंचित अडखळून वर. मग लांबलचक उसासा, त्याच्या शेवटी ओठांची बारीक फुरफुर. दादा. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर, पोट वरखाली होताना जणू दिसावं इतका जवळ. चिमट्याने टेबलाची कड धरली. बुवांनी भलत्याच बाजूला बघून चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात तो आवाज आला. दोन श्वासांच्या मध्ये, हलकासा. घशातून काहीतरी खाली गेल्याचा.

"बुवा, मागे घ्या जरा. आवंढा गिळला त्याने."

"कुणी?"

"दादाने."

बुवांनी मागे घेतलं, स्पीकरवर लावलं. श्वास, अडखळ, उसासा, फुरफुर. पुन्हा तेच. बुवांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे आवाजाचे डोंगर बघ. पहिला, दुसरा, तिसरा... पुढे परत पहिला. एका साच्यातून काढलेले. यात आवंढा असता तर इथे उंचवटा दिसला असता. आहे का?"

नव्हता. चिमट्याने हेडफोन बदलले, वायर बदलली, कानात करंगळी घालून कानही साफ केला. माणूस रडून रडून झोपेविना राहिला की त्याला काहीबाही ऐकू येतं. एवढी अक्कल त्याच्या डोक्यात नक्कीच होती. शाळा सोडली म्हणून डोकं सोडलं नव्हतं त्याने. त्याने पुन्हा ऐकलं. पहिली फेरी निघून गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीत, उसाशानंतर, हळूच.

दादा काही बोलायच्या आधी नेहमी एकदा आवंढा गिळायचा. बोलायचं नसेल तर नाही.

"मला हे फोनवर द्या," चिमट्या म्हणाला.

"बाहेर द्यायचं नसतं रे असलं काही."

"बुवा. माझा भाऊ आहे तो."

बुवांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला. "आण फोन."

४

घर म्हणजे एक खोली. मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडे आई आणि चूल, पलीकडे भावांची जागा: दादाची लोखंडी खाट आणि तिच्या पायथ्याशी जमिनीवर चिमट्याची गादी. पडदा आईच्या जुन्या साडीचा होता, खाली वीतभर आखूड. 

चिमट्याने फोन दादाच्या उशीवर ठेवला आणि झोप सुरू केली. आईला काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर काय सांगणार?

चुलीपाशी भांडं ठेवल्याचा आवाज झाला.  मग आई म्हणाली, "काय आहे ते?"

"दादाचं काम आहे, आई. बंद करू का?"



"राहू दे," आई म्हणाली. आणि इतके दिवस जिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, ती भिंतीला टेकल्या जागी झोपली. चिमट्याने तिच्या अंगावर पांघरूण टाकलं. आपण काहीतरी बरं केलं असं त्याला फार दिवसांनी वाटलं.

मग रोजचंच झालं. तो घरी आला की फोन उशीवर जायचा आणि आई झोपायची. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, जेवणाला चव आली. एकदा तर तिने भाजीत मीठ जास्त पडल्याबद्दल नेहमीसारखा दोष बाजारवाल्याला दिला.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी चिमट्या दुपारीच परतला. दार लोटलेलं होतं. आई भरदुपारी गाढ झोपली होती, उजव्या कुशीवर, लहान पोरीसारखी हात गालाखाली घेऊन. पडद्यापलीकडून श्वास येत होता. आत, अडखळ, उसासा, फुरफुर. आज फोन घरीच विसरलो वाटतं, असं मनाशी म्हणत त्याने चपला काढल्या. माठातलं पाणी प्यायला. पाणी पिता पिता सवयीने खिशावर हात गेला.

फोन खिशात होता.

त्याने तो बाहेर काढला. काळी स्क्रीन; स्टुडिओतून निघतानाच बॅटरी संपली होती. पेला तोंडाशी तसाच राहिला. शेजारच्या घरातलं कुणी घोरत असेल. भिंती पातळ आहेत. बाहेर कुणाचा पंप चालू असेल, कुत्रं धापत असेल. त्याने एकेक कारण नीट तपासलं आणि एकेक बाजूला ठेवलं. उसाशाच्या शेवटची ती फुरफुर जगात एकाच माणसाच्या ओठांची होती.

पडद्यापर्यंत चार पावलं होती. ती त्याने टाकली नाहीत. खाली वाकला असता तर वीतभर फटीतून खाटेचे पाय दिसले असते, खाटेवरून काही लोंबत असलं तर तेही. तो वाकला नाही. भीती वाटली म्हणावं तर भीतीच्या पोटात दुसरंच काही होतं, आणि ते जास्त वाईट होतं. तो आनंद होता.

आत आवंढा गिळल्याचा आवाज झाला. आई झोपेतच म्हणाली, "बोल रे बाळा."

चिमट्या चपला हातात घेऊन बाहेर पळाला आणि दिवेलागणीपर्यंत कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिला. परत आला तेव्हा आई चुलीपाशी होती आणि पडद्यापलीकडे शांत होतं. "कुठे उलथला होतास?" आई म्हणाली. "तो केव्हाचा आलाय."

"कोण?"

आईने पळी हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. चुकीचं काय बोललो ते आठवत नाही अशा नजरेने. मग ती म्हणाली, "जेवायला बस."

५

बूथच्या भिंतींना जाड फोम, दाराला दोन कड्या, मध्ये दुहेरी काच. आत टाळी वाजवली तरी ती तिथल्या तिथे मरते. नवा माणूस आत गेला की त्याला आपल्याच पोटातली गुडगुड ऐकू येते आणि तो घाबरून हसतो.

चिमट्याने दादाची सतरंजी पसरली. माइकचा दांडा खाली वाकवला, अगदी नाक येईल तिथे. लाकडी फळ्या पायमोज्यांतूनही गार लागत होत्या. सगळं झाल्यावर त्याला उताणं पडायचं होतं. ते मात्र त्याच्याने होईना. ती जागा भरलेली असल्यासारखी वाटत होती, बसमध्ये कुणी रुमाल टाकून जागा धरावी तशी.

"काय रे?" काचेपलीकडून बाईंचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"एकदा नुसतं बघून घेतो, बाई. मग झोपतो."

"बघ बघ. घाई नाही."

तो सवयीने पायथ्याच्या बुटक्या स्टुलावर बसला. बुवांनी सवयीने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. तालीम असली तरी ते कधी मशीन बंद ठेवत नसत, कारण चांगलं काम बऱ्याचदा तालमीतच निसटून होतं.

पडदा उजळला. मैदान, पाऊसभरलं आभाळ, मध्ये लोळ्याचा ढीग. कोपऱ्यात निळा चंद्र. हेडफोनमध्ये दादा घोरू लागला. पोर लोळ्याच्या अंगावर डोकं ठेवून ओरडत होतं, "ऊठ ना! मी एकटा काय करू? ऊठ!" हा आवाज एका पोक्त बाईने काढला होता आणि तो काढून ती आरामात चहा पीत बसली होती, हे चिमट्याने स्वतः पाहिलं होतं. तरी ते त्याला ऐकवेना. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

श्वास थांबला नाही.

आत. अडखळ. उसासा. फुरफुर. हेडफोनमधून नव्हे, ते मांडीवर उपडे पडले होते आणि डासासारखे कुणकुणत होते. श्वास समोरून येत होता, खालून, जिथे माइकचं टोक होतं तिथून. सतरंजीचा तो कोपरा किंचित ओला दिसला, गरम हवा लागून काच धुरकट व्हावी तसा. चिमट्याने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. नजर पडद्यावर. त्याचं कामच ते होतं. पडद्यावर पोराने लोळ्याच्या शेवाळात दोन्ही मुठी खुपसल्या, चंद्र लुकलुकला, विझायच्या बेतात आला. आता. हाच क्षण.

त्याने विचार केला असता तर हात मागे घेतला असता. पण त्या हाताने वर्षानुवर्षं एकच काम केलं होतं. नजर पडद्यावरच ठेवून त्याने तो पुढे नेला, सतरंजीच्या टोकापाशी, जमिनीपासून वीतभर उंच, आणि चिमटीत धरून ओढलं.

चिमटीत काहीतरी होतं. कोमट. नख थोडं वाढलेलं.

डरकाळी फुटली. ती त्या मेलेल्या हवेतही घुमली. चिमट्याच्या छातीची फासळीन्‌फासळी थरारली. ती ऐकताना त्याचे दात घट्ट मिटलेले होते.

६

बुवा धावत आत आले तेव्हा चिमट्या स्टुलावरच होता आणि सतरंजी रिकामी होती.

"अरे वाघा!" बुवांनी त्याला उभं करून मिठी मारली. "तालमीत? एका फटक्यात? ये, ऐक ये."

बाई काचेपलीकडे डोळे पुसत होत्या. "मला वाटलं होतं, तू रडका आवाज काढशील. पण ते... ओळख नसल्यासारखं आणलंस कसं रे? माझ्या अंगावर काटा आला."

 बुवांनी लावलं. फुत्कार, खाकरा, डरकाळी. इतकी जवळून की माइकला ओठ लागले असावेत. चिमट्या माइकपासून एका माणसाच्या लांबीइतक्या अंतरावर बसला होता. डरकाळीनंतर बुवा बंद करणार तोच आणखी काहीतरी ऐकू आलं. फळ्यांवर पावलं. अनवाणी, जड, उठल्यावर तोल सावरायला पडतात तशी आधी दोन, आणि मग दाराच्या दिशेने एकेक.

"हे तेवढं चुकलास," बुवा म्हणाले. "टेक संपेस्तोवर जागचं हलायचं नसतं. काढून टाकतो मी."

चिमट्याने आपल्या पायांकडे पाहिलं. पायमोजे.

"आणि दार कुणी उघडं टाकलं होतं?" बाई म्हणाल्या. "मी स्वतः कड्या लावल्या होत्या."

बुवांनी पडद्यावरची निळी पट्टी धरून पुढे सरकवली. झोपेची ती पट्टी. "ही आता म्यूट करतो. उठला ना तो." मग कपाळाला आठी घालून ते जवळ वाकले. "हे बघा बाई, काय गंमत आहे. डोंगरच गेले इथले."

पट्टी सपाट होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिमट्याचा फोन त्याच्या हातात होता. त्याने त्यातली झोप लावून कानाशी धरली. कुणीही नव्हतं तिथे.

तेव्हा त्याला बाईंचं बोलणं पहिल्यांदा पूर्ण ऐकू आलं. झोप पुरी झालेली नाही. घाईने उठवतं. सगळ्यांत आधी त्याच्याजवळ धावत जातं कोण?

घरी आई एकटी होती.

७

आई जागी होती. केस विंचरून, तोंड धुऊन, चुलीपुढे उभी राहून चहाला आधण ठेवत होती. तीन कप मांडले होते.

"उठला," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की चिमट्याला तिच्याकडे बघवेना. "आत्ता, थोड्या वेळापूर्वी. घोरणं थांबलं आणि खाट वाजली. मी म्हटलं, चहा नेऊनच हाक मारावी."

"आई, तू तिकडे गेली नाहीस ना?"

"चहा व्हायचाय अजून."

पडद्याखालच्या फटीत दोन पाय होते. खाटेवर बसलेल्या माणसाचे, जमिनीवर टेकलेले. रुंद, टाचेला भेगा. उजव्या अंगठ्याभोवती लालसर वळ होता, नुकतंच कुणी घट्ट धरल्यासारखा. चिमट्याच्या घशात आलं ते रडू होतं की हाक, त्याला कळलं नाही. हाकच निघाली.

"दादा!"

पाय किंचित हलले. आत कुणीतरी आवंढा गिळला.

"कोण आहे?"

दादाचा आवाज. सर्दी झाल्यासारखा थोडा जड, पण तोच.

"मी. चिमट्या."

पुन्हा आवंढा.

"कोण चिमट्या?"

"अरे, झोपेत आहे तो अजून," आई हसून म्हणाली. "लहानपणापासून असाच. बापालासुद्धा कोण तुम्ही म्हणायचा." तिने पळीने एका कपात चहा ओतला, कप उचलला आणि पडद्याकडे वळली.

चिमट्याने तिचं मनगट धरलं. चहा दोघांच्या हातांवर सांडला.

"सोड. भाजलं ना मला. सोड रे, माझा मुलगा आहे तो."

"हो गं आई. तोच आहे."

त्याने हात सोडला नाही. पलीकडे खाट करकरली. पायांवर भार आला, बोटं जमिनीत रुतल्यासारखी पांढरी पडली. तो उभा राहत होता. आता पडदा सरकणार, आणि आई हात पसरून पुढे होणार, आणि तिच्याकडे बटणाएवढे डोळे बघणार.

"दादा, झोप," चिमट्या म्हणाला. "झोप पुरी झाली नाही तुझी. माझी चूक झाली. झोप."

"कोण आहे?" आवाज आता उभ्या माणसाच्या उंचीवरून आला.

बोलून उपयोग नव्हता. दादा हाकेने कधी उठला नव्हता, तो हाकेने झोपणार कसा? चिमट्याला दुसरं काय येत होतं? वायरी गुंडाळणं, चहा आणणं. आणि एक गोष्ट, जी त्याने इतक्या वेळा ऐकली होती की ती त्याच्या छातीत आपोआप चालायची. त्याने डोळे मिटले. श्वास आत घेतला. किंचित अडखळवला. लांब उसासा सोडला आणि त्याच्या शेवटी ओठ फुरफुरवले.

पडद्यापलीकडे शांत झालं.

त्याने पुन्हा घेतला. आत, अडखळ, उसासा, फुरफुर. आईच्या हातातला ताण जरासा सैल पडला. पुन्हा. खाट करकरली, हळूच, वरून खाली. पुन्हा. फटीतले पाय एकेक करून वर गेले. आईने एक जांभई दिली, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. त्या आवाजाशिवाय तिला आता झोप लागत नव्हती. त्या आवाजात तिची मान लगेच खांद्यावर कलंडली.

पातेल्यातला चहा उतू गेला, चूल विझली. चिमट्या तिथेच, तिचं मनगट धरून, घोरत राहिला. एकदा दम घ्यायला क्षणभर थांबला, तर पलीकडे लगेच खाट वाजली. मग तो थांबला नाही. ओठ सुकून आले. जीभ टाळूला चिकटली. घशाशी काहीतरी साठत गेलं, दर श्वासाला थोडं वर चढत गेलं.

त्याला आवंढा गिळायचा होता. त्याने तो तसाच धरून ठेवला आणि पुढचा श्वास घेतला.